शेतीशाळा : कपाशीच्या बांधावरील विज्ञानशिक्षण

शाळेबाहेर विज्ञान कसे शिकले जाते, यावरील संशोधन बहुधा संग्रहालये व विज्ञानकेंद्रे यांभोवतीच फिरते. अकोला-अमरावतीकडे त्याचे उदाहरण कपाशीच्या शेतात आढळते. साधारण पंचवीस-तीस शेतकऱ्यांनी हंगामभर ठरावीक दिवशी एकाच शेतावर जमून पिकाचे निरीक्षण करणे, म्हणजे शेतीशाळा. या पद्धतीचा उगम १९८९ मध्ये इंडोनेशियातील भातशेतीत झाला. अन्न व कृषी संघटनेच्या कापूस कार्यक्रमातून (१९९९-२००४) ती भारतीय कपाशीपर्यंत पोहोचली. पुढे २०१८ मध्ये सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाने वऱ्हाडातील गावांत तिचा अवलंब केला.

येथे व्याख्यान दुय्यम असते. शेतकरी गटागटाने फिरून निवडक झाडांवरील मावा, तुडतुडे, बोंडअळ्या मोजतात. ढालकिडा, क्रायसोपा, कोळी हे मित्रजीवही मोजतात. जे दिसले त्याचे चित्र कागदावर काढून फवारणी करावी की नाही, यावर वाद घालतात. बरणीत मावा व ढालकिडा एकत्र ठेवायचा आणि नंतर उरलेला मावा मोजायचा, हा प्रयोग तर कोणत्याही प्रयोगशाळेत शोभावा. ‘आर्थिक नुकसानीची पातळी’ ही संज्ञा पुस्तकात कोरडी वाटते. कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री प्रत्येकी आठ पतंग सापडले, की तिचा अर्थ कळतो.

हे शिक्षण किती निकडीचे आहे, ते २०१७ च्या खरिपाने दाखवले. गुलाबी बोंडअळीने बीटी कपाशी पोखरली आणि त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले.

संशोधनाचे निष्कर्ष मात्र एकमुखी नाहीत. इंडोनेशियाविषयी २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उत्पादनावर वा कीटकनाशकांच्या वापरावर लक्षणीय परिणाम आढळला नाही. २०१४ च्या जागतिक आढाव्यात सहभागी शेतकऱ्यांना लाभ दिसला, पण ते ज्ञान शेजाऱ्यापर्यंत झिरपले नाही. यात नवल नाही. औषधाचे नाव बांधावरून ओरडून सांगता येते. अळी मोजण्याची सवय तशी सांगता येत नाही. शिवाय वऱ्हाडात फवारणीचा पंप पुष्कळदा मजुराच्या पाठीवर असतो, वेचणी बायकांच्या हाती असते, आणि शेतीशाळेच्या हजेरीपटावर बहुधा सातबारा असलेल्याचेच नाव चढते.