त्या दिवशी तो पुरुष कुठे होता?

संत योहानच्या शुभवर्तमानातील आठव्या अध्यायाचा प्रसंग आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. व्यभिचारात धरलेल्या एका स्त्रीला शास्त्री आणि परूशी मंदिरात प्रभू येशूपुढे आणून उभी करतात. मोशेच्या नियमाप्रमाणे हिला दगडमार करायचा, तुमचे काय म्हणणे, असे विचारतात. हा उतारा आपण क्षमेचा म्हणून वाचतो आणि तो क्षमेचा आहेच. पण जुना करार उघडून पाहिला तर आणखी एक गोष्ट ध्यानात येते. लेवीय २०:१० आणि अनुवाद २२:२२ या दोन्ही ठिकाणी शिक्षा दोघांनाही सांगितली आहे, पुरुषाला आणि स्त्रीला. मग मंदिरात एकटी तीच का आणली गेली? तो पुरुष कुठे होता?

लैंगिकता ही देवाने माणसाला दिलेली देणगी आहे. पण तिच्यात शुद्ध काय आणि लाजिरवाणे काय, हे ठरवताना प्रत्येक समाजाने आपली सोय पाहिली. इतिहास वाचताना आम्हाला पुन्हा पुन्हा हाच प्रश्न भेटतो.

येशूच्या काळी जगावर रोमचे राज्य होते. इ.स.पू. १८ च्या सुमारास सम्राट ऑगस्टसने व्यभिचार हा सार्वजनिक गुन्हा ठरवला. विवाहित स्त्रीने परपुरुषाशी संबंध ठेवला की गुन्हा होई. विवाहित पुरुष आपल्या दासीकडे किंवा वेश्येकडे गेला तर मात्र कायदा त्याला हात लावत नसे. अशा जगात संत पौल करिंथकरांना लिहितात की पत्नीच्या शरीरावर जसा पतीचा अधिकार, तसाच पतीच्या शरीरावर पत्नीचा (१ करिंथ ७:४). पहिला अर्धा भाग तेव्हा सर्वांना मान्य होता. दुसरा ऐकून अनेकजण दचकले असतील. पुढे चौथ्या शतकाच्या अखेरीस संत जेरोम यांनी स्पष्टच लिहिले की कैसराचे कायदे वेगळे आणि ख्रिस्ताचे वेगळे. जे स्त्रीला वर्ज्य ते पुरुषालाही वर्ज्य.

आमच्या भैरवगडाच्या परिसरालाही ही गोष्ट नवी नाही. शूद्रकाचे ‘मृच्छकटिक’ याच उज्जयिनीत घडते. गोविंद बल्लाळ देवलांच्या नाटकामुळे मराठी घरांना ते अगदी जवळचे आहे. वसंतसेना श्रीमंत आहे, कलावंत आहे, उदार आहे. नगर तिचा मान ठेवते, पण ती गणिका आहे, म्हणून कोणाची पत्नी होऊ शकत नाही. चारुदत्ताला घरी पत्नी आहे, मुलगा आहे. तरी तो वसंतसेनेवर प्रेम करतो म्हणून त्याचा सज्जनपणा कमी होत नाही. शेवटी नवा राजा वसंतसेनेला ‘वधू’ हे पद देतो, तेव्हाच ती कुलस्त्री ठरते. नाटककाराचे मन तिच्या बाजूचे आहे. पण समाजाने आखलेली रेषा ओलांडायला तिला राजाज्ञा लागली आणि त्याला काहीच लागले नाही.

आता एकोणिसाव्या शतकात येऊ. १८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेवर खटला चालला. लोकलाजेच्या भीतीने तिने आपल्या नवजात बाळाचा जीव घेतला होता. तिला फाशी सुनावली गेली. अपिलानंतर ती काळ्या पाण्याच्या शिक्षेवर आली. विधवांच्या आणि एकूणच स्त्रियांच्या चारित्र्यावर वर्तमानपत्रांतून तोंडसुख घेतले गेले. तेव्हा बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी लेखणी उचलली. १८८२ मध्ये त्यांचे ‘स्त्रीपुरुष तुलना’ छापले गेले. स्त्रियांच्या माथी मारलेला एकेक दोष घेऊन त्यांनी विचारले की हाच दोष पुरुषात नाही काय? मंदिरातल्या त्या गर्दीला विचारायचा प्रश्न एका मराठी बाईने विचारला. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी तर १८६३ मध्येच बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले होते. अडचणीत सापडलेल्या विधवेने तिथे यावे, गुपचूप बाळंत व्हावे, बाळाला जगू द्यावे. अशाच एका विधवेचा मुलगा यशवंत त्यांनी दत्तक घेतला.

याच सुमारास पंडिता रमाबाई इंग्लंडला गेल्या. वाँटेजच्या भगिनींनी त्यांना लंडनच्या फुलहॅम भागातले आपले सेवाकार्य दाखवले. समाजाने ‘पतित’ म्हणून टाकलेल्या स्त्रियांना तिथे आसरा मिळत असे. ज्यांच्याकडे कोणी पाहू नये असे रमाबाईंनी लहानपणापासून ऐकले होते, त्यांच्याशी या भगिनी मायेने वागत होत्या. हे कशामुळे, असे रमाबाईंनी विचारले. उत्तर म्हणून एका भगिनीने त्यांना विहिरीवर येशूला भेटलेल्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली (योहान ४). रमाबाईंनी आपल्या साक्षीत लिहिले आहे की ख्रिस्ताकडे त्यांचे मन वळले त्यात या अनुभवाचा मोठा वाटा होता. १८८३ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये अशा स्त्रियांसाठी त्यांनी कृपासदन उभारले. नावातच सारे आले.

पण आपल्या ख्रिस्तसभेचा इतिहास नेहमीच कृपेचा राहिला नाही. शुभवर्तमान मरिया मग्दालेनाला कुठेही वेश्या म्हणत नाही. इ.स. ५९१ मध्ये पोप ग्रेगरी यांनी एका प्रवचनात तिला आणि लूकच्या शुभवर्तमानातील पापी स्त्रीला एकच मानले आणि ती समजूत पश्चिमेत शतकानुशतके टिकली. तिच्याच नावाने आयर्लंडमध्ये धर्मभगिनींनी धुलाईघरे चालवली. लग्नाआधी आई झालेल्या मुलींना आणि इतरही अनेक असहाय मुलींना तिथे बंद दाराआड, विनावेतन कपडे धुवायला ठेवले गेले. त्या बाळांच्या बापांना कोणी डांबले नाही. शेवटचे धुलाईघर १९९६ मध्ये बंद झाले आणि २०१३ मध्ये तिथल्या पंतप्रधानांनी देशाच्या वतीने या स्त्रियांची माफी मागितली. फुलहॅम आणि आयर्लंड, दोन्हीकडे क्रूस भिंतीवर होताच. त्या स्त्रीकडे येशूच्या नजरेने पाहिले की दगड घेतलेल्यांच्या, एवढाच फरक होता.

आपल्या देशात १८६० च्या दंडसंहितेतील कलम ४९७ व्यभिचारासाठी फक्त पुरुषाला शिक्षा देत असे. वरवर हे उलट वाटते. पण पतीची संमती असेल तर गुन्हा नाही, असेही त्यात होते. म्हणजे पत्नी ही जणू पतीची मालमत्ता. २७ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कलम रद्द केले. म्हणून व्यभिचार हे पाप राहिले नाही असे नव्हे. सहावी आज्ञा जागच्या जागी आहे, आणि ती पतीला आणि पत्नीला सारखीच आहे.

प्रियजनहो, आपल्या घरांत काय चालते? मुलगी उशिरा आली तर दहा प्रश्न, मुलगा आला तर जेवण गरम. लग्न जुळवताना तिच्या चालीरीतीची चौकशी चार घरी होते, त्याच्या पगाराची होते. शुद्धतेचे धडे आपण मुलींना देतो आणि मुलांना ‘वय आहे’ म्हणून सोडून देतो. याने मुलगी घाबरते आणि मुलगा बेजबाबदार होतो. शुद्धता दोघांचीही राहत नाही.

येशूने त्या स्त्रीचे पाप झाकले नाही. पुन्हा पाप करू नकोस, असे तिला सांगितले. पण ते सांगण्याआधी तिच्याभोवतीच्या पुरुषांना स्वतःकडे पाहायला लावले. क्रम लक्षात ठेवू या. आधी दगड खाली पडले, मग उपदेश झाला.

हे प्रभू, आमच्या हातातले दगड आम्हाला दिसू दे. आमच्या मुलांना आणि मुलींना एकाच मापाने वाढवण्याची बुद्धी दे. ज्यांना समाजाने आणि आम्हीही एकटे उभे केले, त्यांच्या शेजारी उभे राहण्याचे धैर्य दे. आमेन.