गाण्याचा कायदा आणि गांधीबागेंतील मतदार

नागपुरांत गांधीबागेच्या कापडबाजारांत लग्नाचा बस्ता बांधण्यासाठीं गांवोगांवचीं कुटुंबें येतात. आम्ही त्याच भागांतले रहिवासी. आमच्या घरच्या कार्याच्या वेळीं शालू, आहेर, मानपान यांच्या हिशेबांत एक अनपेक्षित रक्कम शिरली. ती मंगल कार्यालयांत ध्वनिमुद्रित गाणीं वाजविण्याच्या परवान्याची. लग्नाला कायद्यानें सूट असतांना ही रक्कम कशाची, असें आम्हीं आमच्या लोकप्रतिनिधींस पत्रानें विचारिलें. पोंच मिळाली, उत्तर मिळालें नाहीं. तेव्हां हा कायदा मुळापासूनच पाहावा असें ठरविलें, आणि पाहतां पाहतां आमचा राग त्या पावतीपुरता राहिला नाहीं.

हिंदुस्थानांत 1914 सालीं झालेला लेखनस्वामित्वाचा कायदा विलायतेंतील 1911च्या कायद्यावर आधारलेला होता. त्यांत संगीतकृतीचें लक्षण असें दिलें होतें कीं, जी स्वररचना लिहून ठेविली आहे तीच संगीतकृति. ज्या देशांत विद्या गुरूच्या कंठांतून शिष्याच्या कानांत जाते, त्या देशासाठीं हें लक्षण! त्याच काळांत पंडित विष्णु नारायण भातखंडे, जे स्वतः कायद्याचे पदवीधर होते, घराणेदार गवयांकडून चिजा मिळवून स्वरलिपींत उतरवीत होते. त्यांचा हेतु विद्येच्या रक्षणाचा होता, यांत संशय नाहीं. परंतु कायद्याच्या दृष्टीनें उस्तादाच्या मुखांतील चीज म्हणजे कांहींच नव्हे आणि तीच कागदावर आली कीं मालमत्ता, असा विचित्र प्रकार झाला.

परकी सरकारास दोष देऊन आम्ही मोकळे झालों असतों. पण स्वराज्यांतील 1957च्या कायद्यानेंही तेंच लक्षण थोड्याफार शब्दभेदानें कायम ठेविलें. पुढें 1977 सालीं इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी आणि चित्रपटनिर्माते यांच्या वादांत सर्वोच्च न्यायालयाचा निकाल निर्मात्यांच्या बाजूनें लागला. न्यायमूर्ति कृष्ण अय्यर यांनीं त्याला स्वतंत्र टिपण जोडून, गाणाऱ्याला या कायद्यांत स्थानच नाहीं, ही उणीव कायदे करणारांच्या नजरेस आणून दिली. ती दूर झाली 1994 सालीं. सतरा वर्षें! संसदेला घाई करतां येत नाहीं, असें मात्र नव्हे. रवींद्रनाथ ठाकुरांच्या ग्रंथांवरील हक्क 1991च्या अखेरीस संपणार होता, तेव्हां ऐन डिसेंबरांत वटहुकूम निघाला आणि मुदत दहा वर्षांनीं वाढली. रवींद्रांचा आम्हांस मुळींच हेवा नाहीं. गवयासाठीं असा डिसेंबर कधीं उगवला नाहीं, एवढेंच आमचें म्हणणें.

गीतकार आणि संगीतकार यांना तर त्या निकालानंतर पस्तीस वर्षें थांबावें लागलें. 2010 सालीं जावेद अख्तर राज्यसभेवर नामनियुक्त झाले. त्यांनीं हा प्रश्न लावून धरला, आणि मे 2012 मध्यें दुरुस्ती दोन्ही सभागृहांत संमत झाली. चित्रपटगृहाबाहेर गाणें वापरलें गेल्यास मिळणाऱ्या स्वामित्वधनांतील आपला वाटा आतां कर्त्याला निर्मात्यास लिहून देऊन टाकतां येत नाहीं. सुधारणा चांगलीच आहे. पण ज्याला कोणाही मतदारानें निवडलेलें नव्हतें त्यानें ती पुढें रेटावी, यांत आम्हीं निवडलेल्यांची शोभा ती काय?

आतां आमच्या कार्याकडे वळूं. धार्मिक विधि, लग्नाची वरात आणि लग्नाशीं निगडित इतर सामाजिक समारंभ यांत वाजविलेल्या गाण्यानें हक्कभंग होत नाहीं, हें कलम 1994च्याच दुरुस्तीनें आलें. 'इतर समारंभ' कोठें संपतात, हें मात्र त्यांत सांगितलें नाहीं. जुलै 2023 मध्यें केंद्र सरकारच्या उद्योगविषयक खात्यानें सूट असल्याचें जाहीर पत्रक काढलें. जानेवारी 2024 मध्यें गोवा सरकारनें तशाच आशयाचें परिपत्रक काढलें, आणि ऑगस्टांत मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानें तें रद्द केलें. कायद्याची व्याप्ति परिपत्रकानें ठरवितां येत नाहीं, हें खरेंच आहे. तें काम संसदेचें. कर्त्याचा पैसा बुडवून वरात वाजवावी असें आम्ही म्हणत नाहीं. द्यावयाचें तर कोणत्या समारंभासाठीं आणि कोणास, हें दोन ओळींत लिहावें, इतकेंच मागतों.

रक्कम आम्हीं भरली. पावतीवर गाण्याचें नांव नाहीं, कर्त्याचेंही नाहीं. ती सोबत जोडून लोकप्रतिनिधींस दुसरें पत्र धाडलें आहे.