खिशातल्या चाकूचे स्वयंपाकघर

१/ शेतातला चाकू वेगळा आणि स्वयंपाकघरातली सुरी वेगळी, ही विभागणी आज स्वाभाविक वाटते. युरोपच्या इतिहासात मात्र ती बरीच उशिरा आली. मध्ययुगात पाहुणा स्वतःचा चाकू कमरेला लावूनच जेवायला येई. यजमानाने तो पुरवावा अशी अपेक्षा सहसा नसे.

२/ ही सवय डोंगराळ भागांत दीर्घकाळ टिकली. फ्रान्सच्या आल्प्समधील साव्हॉय प्रांतात कुऱ्हाडी, कोयते घडवणाऱ्या एका कारागिराचा मुलगा जोसेफ ओपिनेल याने १८९० मध्ये, वयाच्या १८व्या वर्षी, खिशात मावणारा घडीचा चाकू तयार केला.

३/ त्याची रचना साधी होती : लाकडी मूठ, पोलादी पाते आणि दोघांना जोडणारी खीळ. १८९७ मध्ये १ ते १२ क्रमांकांचे आकार ठरले. मोठ्या खर्चाविना मिळणारे हे हत्यार शेतकऱ्याच्या खिशात गेले.

४/ एकाच पात्याने सकाळी फांदी छाटायची आणि दुपारी बांधावर पाव, चीज व सफरचंद कापायचे. पाते पातळ असल्यामुळे चीज चुरगळत नसे. कार्बन पोलादाला साध्या दगडावरही लवकर धार चढे. ज्याच्याकडे एकच चाकू, त्याच्यासाठी हीच सोय मोलाची.

५/ पण शेतातले गुण स्वयंपाकात दोष ठरत. आंबट फळांनी पाते काळवंडे. ओले ठेवले तर गंजे. पाण्याने मूठ फुगली की पाते उघडता-मिटता येत नसे. घडीच्या खाचेत अन्नाचे कण अडकत.

६/ सर्वांत मोठा धोका बोटांना होता. जोर लावताना पाते अचानक मिटू शके. १९५५ मध्ये मार्सेल ओपिनेल यांनी मुठीच्या टोकाला फिरणारे धातूचे कडे बसवले. कडे फिरवले की पाते उघडे राही. साध्या कड्याने बोटे सुरक्षित झाली.

७/ पुढे त्याच कंपनीने न मिटणाऱ्या स्वयंपाकाच्या सुऱ्याही काढल्या. म्हणजे शेतातून निघालेले पाते अखेर ओट्यावर पोहोचले. मात्र त्यासाठी त्याला आपली घडी सोडावी लागली.

८/ प्रत्येक कामासाठी वेगळी सुरी असणे हे सुबत्तेचे लक्षण आहे. बहुतेक कष्टकऱ्यांच्या वाट्याला एकच पाते आले, आणि त्यांनी त्याच्याकडून सगळी कामे करून घेतली.