मीखाच्या घरातला देव

संडे स्कूलमध्ये आम्हाला गिदोन शिकवला, शमशोन शिकवला. मीखा कुणी शिकवला नाही. त्याची गोष्ट ‘शास्ते’ या पुस्तकाच्या १७व्या आणि १८व्या अध्यायात आहे. ती मी नीट वाचली सत्ताविसाव्या वर्षी, ऑफिसच्या बसमध्ये, मोबाइलवर.

काळ राजांच्या आधीचा. इस्राएलात मध्यवर्ती सत्ता नाही. ज्याला जे बरं वाटेल ते तो करतो. एफ्राईमच्या डोंगराळ भागातला मीखा आईची ११०० शेकेल चांदी चोरतो आणि तिने चोराला दिलेला शाप ऐकून कबुली देतो. आई त्याला आशीर्वाद देते, चांदी परमेश्वराला वाहते आणि त्यातल्या २०० शेकेलांची मूर्ती घडवून घेते. मूर्ती परक्या बआलची नाही. मोशेच्या नियमशास्त्रानं ज्या परमेश्वराची मूर्ती करायला मनाई केली, त्याच्याच नावाने ती उभी राहते.

पुढे बेथलेहेमहून एक तरुण लेवी काम शोधत येतो. वर्षाला १० शेकेल, कपडे आणि जेवण यावर मीखा त्याला याजक म्हणून ठेवतो. आता देव आपलं भलं करणारच, याची त्याला खात्री वाटते.

मग येतात दान वंशाचे लोक. वाट्याची जमीन त्यांना ताब्यात घेता आलेली नाही. त्यांचे पाच हेर याजकाला कौल विचारतात. तो म्हणतो, खुशाल जा. नंतर ६०० सशस्त्र माणसं येतात, मूर्ती उचलतात आणि याजकालाही बोलावतात: एका घराचा याजक होण्यापेक्षा अख्ख्या वंशाचा हो. तो आनंदाने निघतो. उत्तरेला लईश नावाचं शांत, बेसावध गाव असतं. दानी तिथल्या लोकांना मारतात, गाव जाळतात आणि त्या जागी स्वतःचं दान नगर वसवतात. मूर्ती तिथेच स्थापन होते.

याजकाचं नाव शेवटी कळतं: योनाथान, मोशेच्या घराण्यातला. पारंपरिक हिब्रू प्रतींत इथे ‘मोशे’ या नावात ‘नून’ हे अक्षर ओळीच्या जरा वर घातलेलं दिसतं, म्हणजे वाचताना ‘मनश्शे’ होतं. लेखनिकांना मोशेची लाज झाकायची असावी. पण अक्षर वर ठेवल्यामुळे दुरुस्तीही उघडीच राहिली.

राजा नव्हता म्हणून हे झालं, असं पुस्तक सुचवतं. पण पुढे राजे आले आणि इसवीसनपूर्व दहाव्या शतकात यराबाम राजानं याच दान नगरात सोन्याचं वासरू बसवलं. अव्राहम बिरान यांनी १९६६मध्ये तेल दान इथे उत्खनन सुरू केलं, त्यात तिथलं मोठं पूजास्थान सापडलं. म्हणजे राजा आला तरी देवाला आपल्या सोयीचा करून घेण्याची सवय गेली नाही.

आम्हा ख्रिस्ती लोकांना ‘मूर्तिपूजा’ म्हटलं की दुसऱ्यांची देवळं आठवतात. मला मात्र ही गोष्ट वाचताना माझी गेल्या वर्षीची नोकरी आठवली. घरी मी सांगितलं होतं, देवानं दार उघडलं. खरं तर पगाराचा आकडा मी आधीच मान्य केला होता. प्रार्थना नंतर केली. लेवीचा हिशेब याहून फार वेगळा नव्हता.

आता ‘देवाची इच्छा’ म्हणण्याआधी मी दोन गोष्टी तपासतो. मी खरंच विचारलं होतं का? आणि माझ्या या आशीर्वादाची किंमत कोण्या लईशला तर मोजावी लागत नाही ना?