सातच्या ठोक्यानंतरची सही

तारीख १४ एप्रिल २०१०, वार बुधवार. तुम्ही ॲरिझोनात आहात. वय वीस, सॉफ्टबॉल संघातल्या मुख्य पिचर, म्हणजे चेंडू टाकणाऱ्या. बारावीनंतरच्या दोन वर्षांच्या जूनियर कॉलेजातलं हे तुमचं शेवटचं सत्र. काल लागोपाठ दोन सामने झाले. खांदा अजून ठणकतोय. स्वयंपाकघरातल्या टेबलावर विद्यापीठाकडून आलेलं ‘नॅशनल लेटर ऑफ इंटेंट’, म्हणजे खेळाडूला त्या विद्यापीठाशी बांधून घेणारं पत्र, पडलंय. सोबत शिष्यवृत्तीचा करार. तो नसेल तर या पत्राला काडीची किंमत नाही.

घड्याळात सहा पन्नास. सातच्या आधी केलेली सही चालत नाही. तुम्हाला हेरणारी कोच इथे नाही. सहीच्या वेळी तिने हजर राहायचं नाही, असा नियमच आहे. एकविशी पूर्ण नसल्यामुळे आईचीही सही लागते. ती चष्मा लावून शिष्यवृत्तीचा आकडा पुन्हा वाचते.

“अर्धीच?”

अर्धीच. डिव्हिजन वन, म्हणजे कॉलेज-खेळांच्या सर्वांत वरच्या श्रेणीतल्या सॉफ्टबॉल संघाच्या वाट्याला जास्तीत जास्त १२ शिष्यवृत्त्या. संघात मुली त्याहून कितीतरी जास्त. मग कोच तुकडे पाडते.

आईची खरी धास्ती वेगळी आहे. शाळेत असताना, नोव्हेंबर २००७ मध्ये, असंच एक पत्र तुम्ही दुसऱ्या विद्यापीठाला सही करून दिलं होतं. पुढे तिथली कोच नोकरी सोडून गेली आणि लगेच नव्या संघाच्या डगआउटमध्ये बसली. तुम्ही मात्र अडकलात, कारण पत्रात साफ लिहिलंय: सही विद्यापीठाशी, कोचशी नाही. विद्यापीठाने मोकळं करायला नकार दिला. परस्पर दुसऱ्या विद्यापीठात गेला असतात, तर वर्षभर मैदानाबाहेर आणि खेळायला मिळणाऱ्या चार हंगामांतला एक कायमचा गेला. जूनियर कॉलेजं या पत्राच्या बंधनात नव्हती, म्हणून तुम्ही इकडे आलात. इथली पदवी हातात पडली की जुनं पत्र रद्द.

“आणि ही कोच गेली तर?”

“तर मी तिथेच.”

“आणि ती?”

“ती जाईल जिथे जायचं तिथे.”

पुढचं सगळं तुम्हाला ठाऊक आहे. २०१८ मध्ये ट्रान्स्फर पोर्टल येईल, खेळाडू स्वतःहून नाव नोंदवून बाहेर पडतील. ऑक्टोबर २०२४ मध्ये तर हे पत्रच मोडीत निघेल. पण आईला ते सांगून आज काय उपयोग? आज शिष्यवृत्ती हवी असेल, तर कागद हाच आहे आणि मुदत सात दिवसांची.

सात वाजतात. आधी तुम्ही, मग आई. कॉलेजचं ऑफिस उघडलं की फॅक्स करायचा.

तरीही सुटका पुरती झालेली नाही. मेमध्ये बीजगणिताचा पेपर आहे. त्यात गचकलात तर पदवी नाही, आणि पदवी नाही तर २००७ ची ती सही अजून जिवंत. दुपारी सराव आहे, पण आधी गणित.