उपग्रह-नभोवाणीतील ध्वनीची प्रत : एक ऐतिहासिक विचार

१

उपग्रहाद्वारे होणाऱ्या ध्वनिक्षेपणाचा इतिहास बहुधा अग्निबाण, कक्षा आणि भांडवल यांच्या अंगाने सांगितला जातो. श्रोत्याच्या कानी प्रत्यक्षात काय पडले, हा प्रश्न त्यात मागे राहतो. वास्तविक ह्या माध्यमाने श्रोत्यास दिलेले पहिले आश्वासन ध्वनीच्या प्रतीविषयीचेच होते. ते कोठवर पाळले गेले, आणि जेथे पाळले गेले नाही तेथे त्याचे कारण काय, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

त्यासाठी आरंभीच दोन गुण वेगळे केले पाहिजेत. पहिला गुण निर्मळतेचा, म्हणजे खरखर, शिट्ट्या व चढउतार यांच्या अभावाचा. दुसरा गुण पूर्णतेचा, म्हणजे मूळ गायन-वादनातील सूक्ष्म स्वरांश श्रोत्यापर्यंत सर्वच्या सर्व पोहोचण्याचा. हे दोन गुण एकत्र नांदतातच असे नाही. उपग्रह-नभोवाणीसंबंधी झालेला बराचसा गैरसमज या दोहोंची गल्लत केल्यामुळे झाला आहे.

२

उपग्रहापूर्वी दूर अंतरावरच्या श्रोत्यास लघुलहरींचाच आधार होता. भारतीय श्रोत्यास त्याचा अनुभव विशेष परिचयाचा आहे. १९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांच्याकडे नभोवाणी खाते आले आणि आकाशवाणीवरील चित्रपटगीतांस ओहोटी लागली. त्याच वर्षी रेडिओ सिलोनवर 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. १९५७ मध्ये 'विविध भारती'ची स्थापना होईपर्यंत, आणि त्यानंतरही पुष्कळ काळ, घरोघर सिलोनचा लघुलहरी कार्यक्रम ऐकला जात असे. गाणे मधूनच बुडावे, पुन्हा वर यावे, आणि श्रोत्याने ते तुटलेले धागे मनाने जोडून घ्यावेत, असा तो श्रवणाचा प्रकार होता.

याचे कारण लहरींच्या मार्गात आहे. लघुलहरी वातावरणाच्या वरच्या भागातील विद्युत्भारित थरांवरून परावर्तित होऊन जमिनीवर येतात. एकच लहर भिन्न लांबीच्या मार्गांनी येऊन स्वतःशीच कधी मिळते, कधी भिडते. त्यामुळे आवाज चढतो आणि मावळतो. शिवाय केंद्रांतील अंतर अवघे ५ किलोहर्ट्झ असल्याने सुमारे ४.५ ते ५ किलोहर्ट्झच्या वरचा ध्वनी छाटला जातो. बोलणे समजण्यास एवढे पुरते. तंबोऱ्याच्या जवारीतील वरचे स्वरांश मात्र बहुतेक नाहीसे होतात. एफ.एम. पद्धतीने १५ किलोहर्ट्झपर्यंतचा ध्वनी मिळू लागला, तथापि एफ.एम. लहरींची धाव साधारणतः क्षितिजापलीकडे जात नाही. दूरचा पल्ला आणि चांगली प्रत ही दोन्ही एकत्र हवी असतील, तर क्षेपणकेंद्रच आकाशात नेणे हा एक उपाय होता.

३

हा उपाय पश्चिम जर्मनीत १९८९ मध्ये मोठ्या उदारपणे अमलात आला. 'डिजिटालेस सॅटेलिटेनराडिओ' या नावाच्या योजनेत सेकंदाला सुमारे २ कोटी बिट वाहून नेणाऱ्या प्रवाहात केवळ १६ स्टीरिओ कार्यक्रम ठेवले होते. ध्वनीचे सेकंदास ३२,००० नमुने घेतले जात, आणि त्यांतील काहीही 'अनावश्यक' म्हणून टाकून दिले जात नसे. निर्मळता व पूर्णता यांचा येथे खरोखर मिलाफ झाला होता.

पण हे औदार्यच तिच्या मुळावर आले. मोठी क्षमता व्यापून १६ च कार्यक्रम देणारी योजना महाग होती, आणि त्याच सुमारास ध्वनी संक्षेपित करण्याच्या नव्या पद्धती हाती येत होत्या. १९९५ मध्ये आस्त्रा उपग्रहांवरून 'आस्त्रा डिजिटल रेडिओ' ही सेवा सुरू झाली. तीत एका कार्यक्रमास सेकंदाला १,९२,००० बिट दिले जात, म्हणजे जुन्या योजनेच्या साधारण एकसप्तमांश. जानेवारी १९९९ मध्ये मूळ योजना बंद करण्यात आली. सर्वांत उत्तम प्रतीची उपग्रह-नभोवाणी अशा रीतीने दहा वर्षेही पुरी करू शकली नाही.

४

संक्षेपाचे तत्त्व समजून घेतल्यावाचून पुढील इतिहास उलगडत नाही. मोठ्या आवाजाच्या शेजारचा लहान आवाज मानवी कानास ऐकू येत नाही. मग तो पाठवावाच कशाला, असा हा विचार आहे. जर्मनीतील एर्लांगेन येथील फ्राउनहोफर संस्थेत कार्ल्हाइन्त्स ब्रांडेनबुर्ग व त्यांचे सहकारी यांनी या विचाराला जे रूप दिले, ते पुढे 'एमपी३' या नावाने प्रसिद्धी पावले. बिट पुरेसे असतील तर वगळलेले अंश श्रोत्यास जाणवत नाहीत. ते अपुरे पडले की दोष प्रकट होतात : टाळ्यांचा कडकडाट पाण्याच्या खळखळाटासारखा होतो, आणि तीक्ष्ण आघातापूर्वीच त्याची अस्पष्ट छाया ऐकू येते. तबल्यासारख्या आघातप्रधान वाद्याला हा दोष विशेष बाधक ठरतो.

अमेरिकेत १९९० मध्ये उपग्रह-नभोवाणीच्या परवानगीसाठी पहिला अर्ज करणाऱ्या कंपनीचे नावच 'सी.डी. रेडिओ' असे होते. ध्वनीच्या प्रतीचे आश्वासन तिने आपल्या नावातच गोवले होते. १९९७ च्या लिलावात तिला व तिच्या प्रतिस्पर्ध्यास प्रत्येकी १२.५ मेगाहर्ट्झचा पट्टा मिळाला. दोघांनी प्रत्येकी आठ कोटी डॉलरांहून अधिक रक्कम मोजली. १९९९ मध्ये 'सी.डी. रेडिओ'ने 'सिरियस' हे नाव धारण केले. प्रतिस्पर्धी 'एक्सएम'ची सेवा सप्टेंबर २००१ मध्ये, तर 'सिरियस'ची फेब्रुवारी २००२ मध्ये सुरू झाली.

आता साधे गणित पाहावे. सी.डी.वरील संगीतास सेकंदाला १४,११,२०० बिट लागतात. 'एक्सएम'ची एकूण क्षमता सुमारे ४० लाख बिटांची, आणि आरंभीच्या वाहिन्या १००. म्हणजे सरासरीने एका वाहिनीच्या वाट्यास ४०,००० बिट येतात, सी.डी.च्या पस्तिसाव्या हिश्श्याच्या आसपास. संक्षेपाची पद्धती कितीही कुशल असली, तरी या अंतराचा काही भाग श्रोत्याच्या कानालाच सोसावा लागतो. वाहिन्यांची संख्या थोड्याच वर्षांत १५० च्या पुढे गेली; पट्टा मात्र तेवढाच राहिला. वर्गणीदार वाहिन्यांच्या संख्येकडे पाहून येत असल्याने ध्वनीच्या प्रतीची बाजू घेणारा पक्ष या व्यवहारात दुबळाच होता. २००८ मध्ये दोन्ही कंपन्या एक झाल्या.

निर्मळतेच्या बाबतीत मात्र अमेरिकी योजना सरस होत्या. धावत्या मोटारीत ध्वनी तुटू नये म्हणून एकच कार्यक्रम दोन उपग्रहांवरून काही सेकंदांच्या अंतराने पाठवला जाई, आणि शहरांत जमिनीवरील क्षेपकांची जोड दिली जाई. अंकपद्धतीचा ध्वनी मावळत नाही. तो एक तर संपूर्ण असतो किंवा मुळीच नसतो. यास्तव ही दक्षता अपरिहार्य होती.

५

भारताचा संबंध आला तो 'वर्ल्डस्पेस' या योजनेशी. इथिओपियात जन्मलेल्या नोआ समारा यांनी १९९० मध्ये ही कंपनी वॉशिंग्टन येथे स्थापन केली. आफ्रिकेत एड्सविषयीचे ज्ञान लोकांपर्यंत पोहोचत नाही, ही जाणीव तिच्या मुळाशी होती. ऑक्टोबर १९९८ मध्ये 'आफ्रिस्टार' व मार्च २००० मध्ये 'एशियास्टार' असे दोन उपग्रह कक्षेत गेले.

येथे वाटपाचे तत्त्व उघडपणे मांडलेले होते. प्रत्येक प्रवाहाचे १६,००० बिटांचे ९६ घटक केलेले असत, आणि एका वाहिनीस एकापासून आठपर्यंत घटक घेता येत. एक घटक म्हणजे मध्यमलहरींसारखा आवाज, दोन म्हणजे एकमार्गी एफ.एम., चार म्हणजे स्टीरिओ एफ.एम. आणि आठ म्हणजे सी.डी.च्या जवळची प्रत, अशी श्रेणी सांगितली जात असे. एकाच प्रवाहात बोलण्याच्या ९६ वाहिन्या मावत. उत्तम संगीताच्या मात्र अवघ्या १२. रोगाची माहिती देणाऱ्या वक्त्यास एक घटक पुरेसा आहे. ख्यालगायकास तो पुरत नाही. ध्वनीची प्रत हेतूवर अवलंबून असते, हे या योजनेच्या रचनेतच मान्य केलेले होते.

आफ्रिकेसाठी योजलेल्या ह्या सेवेचे बहुसंख्य वर्गणीदार अखेरीस भारतात मिळाले, आणि ते संगीतासाठी आले. हिंदुस्थानी संगीतासाठी 'गंधर्व', कर्नाटक संगीतासाठी 'श्रुती', जुन्या हिंदी चित्रपटगीतांसाठी 'फरिश्ता' अशा वाहिन्या होत्या. मध्ये जाहिरात वा बातम्या न येता राग ऐकावयास मिळणे, ही रसिकांस अपूर्व गोष्ट होती. ज्यांनी सिलोनचे बुडते स्वर ऐकले होते, त्यांना शांत पार्श्वभूमीवर उमटणारा हा आवाज पूर्णच वाटला असल्यास नवल नाही. परंतु खिडकीतील अँटेनाला उपग्रह सरळ दिसावा लागे, आणि अमेरिकेतल्यासारखे जमिनीवरील क्षेपकांचे जाळे येथे उभे राहिले नाही. त्यामुळे मोटारीतला श्रोता योजनेस लाभला नाही. ऑक्टोबर २००८ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला, आणि ३१ डिसेंबर २००९ रोजी भारतातील सेवा थांबली. त्या सेवेसाठीच घेतलेले संच श्रोत्यांच्या घरी मुके होऊन पडले.

६

वरील विवेचनावरून असे दिसते की, उपग्रहाने ध्वनीस निर्मळता दिली, पूर्णता दिली नाही. ती देणे उपग्रहाच्या हाती नव्हतेच. ती एका प्रवाहाचे किती वाटे करावयाचे या निर्णयावर अवलंबून होती, आणि तो निर्णय यंत्रशास्त्रापेक्षा अर्थशास्त्राने घेतला. जर्मनीत थोडे वाटे करून उत्तम प्रत दिली गेली, परंतु तिचा खर्च परवडला नाही. अमेरिकेत पुष्कळ वाटे करून व्यवसाय टिकला, पण 'सी.डी.' हे नाव मागे पडले. 'वर्ल्डस्पेस'च्या रचनेत दोन्हींना जागा होती, तरी श्रोत्यांची वर्गणी तिला तारू शकली नाही.

आकाशवाणीने २६ जानेवारी २०१६ रोजी 'रागम्' ही शास्त्रीय संगीताची चोवीस तासांची वाहिनी सुरू केली, आणि ती उपग्रहावरील डी.टी.एच. सेवेतून व इंटरनेटवरून उपलब्ध केली. 'गंधर्व'च्या श्रोत्याची गरज काही वर्षांनी का होईना, सार्वजनिक संस्थेने ओळखली, ही समाधानाची बाब होय. तथापि अशा प्रत्येक सेवेला विचारण्याचा प्रश्न जुनाच आहे : तंबोऱ्याच्या वाट्यास किती बिट येतात, आणि ते कोण ठरवते?