व्याजदर घसरल्यावर ठेवीदारांनी काय करावे?

रिझर्व्ह बँकेने २०२५ या एकाच वर्षात रेपो दर साडेसहा टक्क्यांवरून सव्वापाच टक्क्यांवर आणला. कर्जदारांना याचा दिलासा मिळाला. मात्र व्याजावर घर चालवणाऱ्या निवृत्तांचे मासिक गणित कोलमडले. स्टेट बँकेने जून २०२५ मध्ये बचत खात्यावरील व्याज अडीच टक्क्यांपर्यंत खाली आणले आणि मुदत ठेवींचे दरही सर्वच बँकांनी उतरवले. वीस लाख रुपयांच्या ठेवीवर साडेसात टक्क्यांनी महिन्याला साडेबारा हजार रुपये मिळतात, सहा टक्क्यांनी दहा हजार. अडीच हजारांची ही तूट कोठून भरून काढायची, हा खरा प्रश्न आहे.

असा काळ यापूर्वीही येऊन गेला आहे. १९९० च्या दशकाच्या मध्यास बँका दीर्घ मुदतीच्या ठेवींवर बारा-तेरा टक्के देत असत. २००३-०४ पर्यंत हे दर साडेपाच टक्क्यांच्या आसपास आले. सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचा व्याजदर जानेवारी २००० पर्यंत बारा टक्के होता, तो मार्च २००३ मध्ये आठ टक्क्यांवर आला. त्यानंतर सुमारे दीड वर्षाने, ऑगस्ट २००४ मध्ये, केंद्र सरकारने नऊ टक्के व्याजाची ज्येष्ठ नागरिक बचत योजना सुरू केली. आजही शोधाची सुरुवात याच योजनेपासून करणे शहाणपणाचे ठरते.

साठ वर्षांवरील व्यक्तीला या योजनेत तीस लाखांपर्यंत रक्कम ठेवता येते. २०२५ अखेरीस तिचा दर ८.२ टक्के होता. या दराने तीस लाखांवर दर तिमाहीस ६१,५०० रुपये मिळतात. योजनेचे वैशिष्ट्य असे, की खाते उघडताना असलेला दर पाच वर्षे कायम राहतो. पुढे सरकारने दर कमी केला तरी जुन्या खातेदाराला त्याची झळ पोहोचत नाही. व्याज मात्र करपात्र आहे आणि मुदतीपूर्वी पैसे काढल्यास कपात सोसावी लागते.

वयाची अट नसलेल्यांसाठी टपाल खात्याची मासिक उत्पन्न योजना (२०२५ अखेर ७.४ टक्के, एका नावावर नऊ लाख, संयुक्त खात्यात पंधरा लाख) आणि राष्ट्रीय बचत प्रमाणपत्र (७.७ टक्के) आहे. रिझर्व्ह बँकेच्या बदलत्या दराच्या बचत रोख्यांवर प्रमाणपत्रापेक्षा ०.३५ टक्का अधिक, म्हणजे तेव्हा ८.०५ टक्के व्याज होते. आकडा आकर्षक असला तरी हा दर दर सहा महिन्यांनी ठरतो. प्रमाणपत्राचा दर घटला की रोख्याचाही घटणार. शिवाय पैसे सात वर्षे अडकतात. मुदतपूर्व सवलत केवळ ज्येष्ठांना, तीही काही वर्षांनंतरच. दर उतरणीला लागलेले असताना स्थिर दराची योजना आधी भरावी आणि बदलत्या दराची नंतर, हा क्रम साधा पण हिताचा आहे.

करांचा हिशेब न करता दोन दरांची तुलना करणे व्यर्थ होय. तीस टक्क्यांच्या टप्प्यातील ठेवीदाराच्या हाती साडेसहा टक्क्यांच्या मुदत ठेवीतून अधिभार वजा जाता साडेचार टक्क्यांहूनही किंचित कमी उरते. भविष्य निर्वाह निधीचे ७.१ टक्के व्याज मात्र करमुक्त आहे. त्याची मर्यादा वर्षाला दीड लाख आणि मुदत पंधरा वर्षे, त्यामुळे तो निवृत्ताच्या मासिक खर्चाला उपयोगी नाही. चाळिशीतील नोकरदाराला मात्र तो उत्तम. ज्यांच्या डोक्यावर कर्ज आहे त्यांच्यासाठी तर ठेवीपेक्षा परतफेड श्रेष्ठ. अकरा टक्क्यांचे वैयक्तिक कर्ज फेडणे म्हणजे कोणत्याही जोखमीविना अकरा टक्के मिळवणेच. सहा टक्क्यांची ठेव जपत असे कर्ज वागवणारी घरे आपल्याकडे कमी नाहीत.

दर उतरताना रोख्यांच्या किमती चढतात, या कारणाने म्युच्युअल फंडांच्या रोखे योजना सुचविल्या जातात. तत्त्व खरे आहे: सात टक्क्यांचा दहा वर्षांचा शंभर रुपयांचा रोखा, बाजारातील दर सहावर आल्यास सुमारे १०७ रुपयांना विकला जातो. पण दर पुन्हा वाढले की हेच गणित उलटे फिरते. शिवाय एप्रिल २०२३ नंतर घेतलेल्या अशा युनिटांच्या नफ्यावर व्याजाप्रमाणेच कर लागतो, त्यामुळे पूर्वीचा करलाभ राहिलेला नाही. पतजोखीम वेगळीच. एप्रिल २०२० मध्ये फ्रँकलिन टेम्पलटनने सहा रोखे योजना अचानक बंद केल्या. पैसे पुढे टप्प्याटप्प्याने परत मिळाले, परंतु टाळेबंदीच्या दिवसांत ज्यांना ते हवे होते त्यांना ते काढता आले नाहीत.

महाराष्ट्रात मोह होतो तो मुख्यतः सहकारी बँका आणि पतसंस्थांच्या अर्धा-एक टक्का अधिक व्याजाचा. ओळखीचे संचालक, घराजवळची शाखा, आदराने विचारपूस, हे सारे खरे असले तरी ते मुद्दलाचे तारण नव्हे. पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर सप्टेंबर २०१९ मध्ये, तर न्यू इंडिया सहकारी बँकेवर फेब्रुवारी २०२५ मध्ये निर्बंध आले आणि ठेवीदार रांगेत उभे राहिले. बँकेतील ठेवीला फेब्रुवारी २०२० पासून पाच लाखांपर्यंत विमा आहे. ही मर्यादा एका बँकेतील सर्व शाखांची मिळून आणि व्याज धरून असते. म्हणून पुनर्गुंतवणुकीच्या ठेवीत पूर्ण पाच लाख न ठेवता चार-सव्वाचार लाखच ठेवावेत, म्हणजे साठणारे व्याजही छत्राखाली येते. पतसंस्थेतील ठेवीला आणि वित्त कंपन्यांच्या ठेवींना हा विमा मुळीच लागू नाही. तेथे मिळणारा जादा टक्का ही त्या उणिवेचीच किंमत असते, आणि ती मान्य असल्यासच तेथे पैसे ठेवावेत.

बँकेत जे ठेवायचे ते एकाच मुदतीत अडकवू नये. पाच लाख असतील तर एक, दोन, तीन, चार व पाच वर्षांच्या पाच ठेवी कराव्यात. दरवर्षी एक ठेव मोकळी होते. दर वाढले असतील तर ती नव्या दराने गुंतवता येते, घटले असतील तर उरलेल्या चार जुन्या दराने चालूच राहतात. अडीअडचणीला एकच लहान ठेव मोडावी लागते आणि दंडही तेवढ्यापुरताच बसतो.